मास्तरांवरच्या दोन तक्रारी

शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला मास्तरांनी शिकवलं होतं आणि त्याच निम्म्यांनी त्यांना पालिकेत निवडून दिलं, असं त्यांची बायको म्हणायची. उरलेल्या निम्म्यांचं काय, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "ते पायी चालतात. त्यांना अजून यांचा अनुभव नाही."

मास्तर अंगाने दणकट आणि आवाजाने त्याहून दणकट. वर्षानुवर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून "ब्रेक! अहो ब्रेक!" असं ओरडून त्यांचा गळा तयार झाला होता. नगरसेवक झाले तरी त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं नाही. सकाळी शिकाऊ मंडळी, दुपारी पालिका. पालिकेत त्यांच्याकडे वाचनालय समितीचं अध्यक्षपद होतं, कारण ते दुसऱ्या कोणाला नको होतं.

एक दिवस दुपारी पालिकेच्या विधी अधिकारी बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. या बाईंना सगळे वकीलबाई म्हणत. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला. खिडकीतून खालचं गाड्या लावायचं आवार दिसे. मास्तर आत आले ते आधी खिडकीशीच गेले. खाली तीन गाड्या तिरक्या लागलेल्या, आणि तिन्ही त्यांच्याच विद्यार्थ्यांच्या.

"बसा मास्तर," वकीलबाई म्हणाल्या. मग घसा साफ करून पुन्हा म्हणाल्या, "बसा, नगरसेवक महोदय. आज मी अधिकारी म्हणून बोलतेय."

मास्तर हसत बसले. वकीलबाई हसल्या नाहीत.

"तुमच्याविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार आली आहे."

"माझ्याविरुद्ध? कोणाची?"

"ते सांगता येणार नाही."

"बरं. मग मी केलं काय?"

"तेही आत्ता सांगता येणार नाही. तक्रारदाराने नाव गुप्त ठेवायची विनंती केली आहे. काय झालं ते सांगितलं तर कोण ते तुम्हाला कळेल."

मास्तरांनी थोडा विचार केला. "मग तुम्ही मला बोलावलंत कशाला?"

"तक्रार आली आहे हे सांगायला. तसा नियम आहे."

मग त्यांनी शांतपणे सगळी पद्धत समजावली. आधी प्राथमिक छाननी होणार, म्हणजे तक्रारीत काही दम आहे का आणि ती आपल्या आचारसंहितेत बसते का, एवढंच बघणार. बसत असेल तर चौकशी, आणि चौकशीत तथ्य निघालं तर समितीपुढे सुनावणी. आत्ता त्या इतकंच सांगू शकत होत्या की तक्रार 'लोकांशी आदराने वागणे' या कलमाखाली आहे आणि प्रसंग अलीकडचाच आहे.

"आणि सिद्ध झालं तर? फासावर नाही ना देणार?" मास्तरांनी विचारलं. त्यांना ते गमतीने म्हणायचं होतं, पण वकीलबाईंनी ते प्रश्न म्हणूनच घेतलं.

"लेखी माफी, प्रशिक्षण, समितीवरून काढणं, भर सभेत ठपका. नगरसेवकपद आम्ही काढू शकत नाही, ते मतदारांचं काम. आणि एक महत्त्वाचं. तक्रारदाराशी याबाबत अजिबात संपर्क साधायचा नाही."

"अहो पण मला तक्रारदार माहीतच नाही!"

"मग सोपंच आहे," वकीलबाई म्हणाल्या.

मास्तर जिना उतरून खाली आले, आपल्या गाडीत बसले आणि बराच वेळ किल्ली फिरवायचीच विसरले.

बायको शाळेत गणित शिकवायची. मास्तर घरी आले तेव्हा ती टेबलावर उत्तरपत्रिकांचा ढीग घेऊन बसली होती. मास्तरांनी सगळं सांगितलं. तिने लाल पेन खाली ठेवलं.

"काय केलंत?"

"तेच तर कळत नाही ना!"

"आठवा. आदराने वागला नाहीत असं कोणाकोणाशी झालंय?"

मास्तरांनी आठवायला सुरुवात केली आणि त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आठवायला लागलं. रस्त्यांच्या इंजिनिअरांना त्यांनी सभेत 'खड्डेसाहेब' म्हटलं होतं. सगळे हसले होते, इंजिनिअरही हसले होते. पण माणूस वरवर हसतो आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसतो, असंही असतं. मग वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई. त्या मागच्या सभेत वाचनालयाची संध्याकाळची वेळ वाढवण्याचा प्रस्ताव वाचून दाखवत होत्या. आवाज बारीक, वाचन सावकाश. मास्तर म्हणाले होते, "बाई, गिअर बदला आता. दुसऱ्यातच किती वेळ रेटणार?" सभागृह खो-खो हसलं होतं. बाई खाली बसल्या होत्या.

"पोहण्याच्या तलावावरचे ते रखवालदार?" बायको म्हणाली.

"त्यांना काय म्हणालो मी?"

"काही नाही. ते नमस्कार करत होते आणि तुम्ही फोनवर बोलत निघून गेलात."

"त्याचीसुद्धा तक्रार होते?"

"मला काय माहीत! कलम आदराचं आहे ना?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "माझ्या बहिणीला त्या दिवशी जेवताना..."

"तुझ्या बहिणीचं पालिकेशी काय देणंघेणं?"

"नाही, मी आपलं आठवलं म्हणून म्हटलं."

त्या रात्री मास्तरांना धड झोप लागली नाही. सकाळपर्यंत त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली होती. चूक झाली असेल तर माफी मागून मोकळं व्हावं. तक्रारदाराशी तक्रारीबद्दल बोलायचं नाही, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या खऱ्या. पण तक्रारदार कोण हे माहीत नसताना सगळ्यांचीच माफी मागितली, तर त्याला तक्रारदाराशी संपर्क साधला असं कोण म्हणेल? त्यांना हा मुद्दा बिनतोड वाटला. बायकोला सांगितला असता तर तिने तो तिथल्या तिथे तोडला असता, पण ती शाळेत गेली होती.

पहिल्यांदा ते इंजिनिअरांकडे गेले. इंजिनिअर रस्त्याच्या कडेला डांबराच्या वासात उभे राहून रोलरवाल्याला हातवारे करत होते.

"खड्डेसाहेब म्हणालो, त्याचं मनावर घेऊ नका," मास्तर म्हणाले.

"छे हो! आता घरीसुद्धा तेच म्हणतात. पोरं तर फोन उचलून 'खड्डेसाहेब घरी नाहीत' असं सांगतात." मग इंजिनिअर जरा गंभीर झाले. "पण तुम्ही विषय काढलाच म्हणून सांगतो. त्या दिवशी हसून सगळे उठले आणि माझ्या डांबराच्या मागणीवर चर्चा झालीच नाही. ते मात्र लागलं."

मास्तरांनी त्याचीही माफी मागितली. आपण कशाची माफी मागायला आलो होतो आणि कशाची मागून चाललो, हे त्यांना गाडीत बसेपर्यंत नीटसं कळलं नाही.

तिथून ते वाचनालयात गेले. दुपारची वेळ. लांब टेबलांशी कॉलेजची मुलं वह्यांवर डोकी टेकून बसलेली, एक म्हातारे गृहस्थ पेपर तोंडावर घेऊन घोरत होते. ग्रंथपाल बाई मागच्या छोट्या खोलीत पुस्तकांना चिकटपट्ट्या लावत होत्या. मास्तर आत शिरले. आपला आवाज मोठा, बाहेर मुलं अभ्यास करताहेत, म्हणून त्यांनी मागे वळून दार लावून घेतलं.

बाई उठून उभ्या राहिल्या.

"बसा, बसा," मास्तर म्हणाले, पण ते स्वतः उभेच होते. "हे बघा, माझ्यावर तक्रार झालीये. ती तुम्ही केली आहे की नाही, मला माहीत नाही."

"मी काही केलेलं नाही," बाई म्हणाल्या. हातातली पुस्तकं त्यांनी छातीशी धरली.

"नाही, नाही, केली असेल तरी हरकत नाही! तेच सांगायला आलोय. घाबरू नका. तुमच्या नोकरीला काही होणार नाही. मी आहे ना समितीवर."

"मी खरंच काही केलेलं नाही, साहेब."

"बरं, मग प्रश्नच मिटला. तरी पण, मी त्या दिवशी गिअरवरून बोललो, ते सोडून द्या. काय?"

"हो," बाई म्हणाल्या.

मास्तर दार उघडून बाहेर पडले. पेपरवाले गृहस्थ जागे झाले होते. मास्तरांना हलकं वाटलं. चला, दोन झाले.

पालिकेच्या पायऱ्यांवर त्यांना औषधवाले भेटले. हे शेजारच्या वॉर्डाचे नगरसेवक, चौकात त्यांचं औषधांचं दुकान. मास्तरांचे जुने मित्र. त्यांनी मास्तरांचं सगळं ऐकून घेतलं आणि खांद्यावर हात टाकला.

"हे राजकारण आहे. तुमची समिती कोणाला तरी हवीये."

"वाचनालय समिती? ती तर कोणाला नको होती!"

"तेव्हा नको होती. माझं ऐकाल तर तुम्हीही एक तक्रार ठोका."

"कोणावर?"

"ज्याने केलीये त्याच्यावर."

"अहो, पण तो कोण?"

"हां, ते शोधावं लागेल," औषधवाले म्हणाले. आणि ते घाईत असल्यामुळे निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात वकीलबाईंचा पुन्हा निरोप आला. या वेळी त्यांनी पाण्याचा ग्लास आधीच भरून ठेवला होता.

"दोन गोष्टी आहेत," त्या म्हणाल्या. "पहिली तक्रार निकाली निघाली. छाननीतच."

"सुटलो!" मास्तर म्हणाले.

"ती आचारसंहितेत बसत नव्हती. प्रसंग घडला तेव्हा तुम्ही नगरसेवक म्हणून काम करत नव्हता, तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत होता. एका शिकणाऱ्या व्यक्तीवर तुम्ही भर चौकात ओरडलात. ती म्हणते, लोकप्रतिनिधीने असं बोलावं का? प्रश्न बरोबर आहे, पण आमची आचारसंहिता त्या गाडीत चढत नाही."

मास्तरांचा चेहरा कोरा झाला. गाडीतलं ओरडणं त्यांनी आठवलंच नव्हतं. रात्रभर सगळं शहर आठवून झालं, रखवालदारापासून मेहुणीपर्यंत, पण गाडी डोक्यात आली नाही. ते त्यांच्या लेखी कामच होतं.

"काय म्हणालो होतो मी?"

वकीलबाईंनी समोरच्या कागदावर पाहिलं. "'डोळे आहेत की बटणं?'"

"अहो, ते तर मी सगळ्यांना म्हणतो!"

"हो," वकीलबाई म्हणाल्या. त्या कागदावरून नजर न उचलता पुढे म्हणाल्या, "मलाही म्हणाला होतात. त्याच चौकात." आणि मग लगेच, "हे मी बोलायला नको होतं. सोडून द्या."

वकीलबाई गाडी शिकायला यायच्या तेव्हाच्या त्यांना आठवत होत्या, दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरून बसणारी एक बारकीशी मुलगी. ओरडल्याचं मात्र आठवत नव्हतं.

"म्हणजे जिने तक्रार केली ती अजून रोज माझ्या शेजारी बसतेय?"

"ते मी सांगू शकत नाही."

"मग मी तिच्याशी वागू कसं?"

"गाडी शिकवा. तक्रारीबद्दल बोलू नका." वकीलबाईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. "आता दुसरी गोष्ट. तुमच्याविरुद्ध आणखी एक तक्रार आहे. ही नावानिशी आहे. ग्रंथपाल बाईंची. तुम्ही त्यांना दार लावून धमकावलंत अशी."

मास्तरांनी सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

सुनावणी पालिकेच्या छोट्या सभागृहात झाली. समिती तिघांची. मधोमध एक ज्येष्ठ नगरसेविका, त्या अध्यक्ष. एका बाजूला औषधवाले. दुसऱ्या बाजूला बाहेरचा एक तटस्थ माणूस असावा असा नियम होता, म्हणून निवृत्त झालेले जनावरांचे डॉक्टर. वकीलबाईंनी सुरुवातीलाच विचारलं, की समितीतल्या कोणाचा या प्रकरणाशी काही संबंध आला आहे का. औषधवाल्यांनी छताकडे पाहिलं. मास्तरांना वाटलं, सांगावं, यांनी मला पायऱ्यांवर सल्ला दिला होता. मग वाटलं, मित्राला कशाला अडचणीत आणा. मग वाटलं, न सांगणं हेही गैरवर्तन तर नसेल? तेवढ्यात वकीलबाई पुढच्या मुद्द्यावर गेल्या होत्या.

"तुम्ही वाचनालयात कशासाठी गेला होतात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माफी मागायला."

"कशाबद्दल?" हे जनावरांचे डॉक्टर.

"ते मला माहीत नव्हतं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे, बाईंनी न केलेल्या तक्रारीवरून, तुम्हाला माहीत नसलेल्या चुकीबद्दल माफी."

"हो. म्हणजे, तसंच."

"आणि ती मागायला दार लावून घेतलंत."

"बाहेर मुलं अभ्यास करत होती हो! माझा आवाज असा. त्यांना त्रास नको म्हणून."

"त्यांना नोकरीबद्दल काय म्हणालात?"

"काही होणार नाही म्हणालो. धीर द्यायला."

औषधवाले हळूच खोकले. डॉक्टरांनी चष्मा पुन्हा लावला आणि ग्रंथपाल बाईंकडे पाहिलं. त्या पलीकडच्या टेबलाशी बसल्या होत्या. आवाज तसाच बारीक, पण इथे कोणी घाई करत नव्हतं.

"मी तक्रार केलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "साहेब आले, दार लावलं, दारासमोरच उभे राहिले. मी त्यांच्या खांद्याएवढी आहे. ते म्हणाले, तुमच्या नोकरीला काही होणार नाही. तोपर्यंत माझ्या नोकरीला काही होऊ शकतं हे माझ्या मनातही आलं नव्हतं. त्यानंतर मात्र रोज येतं."

मास्तर खुर्चीत पुढे सरकले.

"आता त्यांचं ऐकल्यावर वाटतं, की खरंच माफी मागायला आले असतील," बाई पुढे म्हणाल्या. "पण मग मी त्या दिवशी घाबरले, ते काय खोटं होतं?"

"नाही, नाही, बाई, खोटं कसं..." मास्तर उठलेच. वकीलबाईंनी बोट वर केलं. परस्पर बोलायचं नव्हतं. मास्तर बसले.

"आणि गिअरचं?" डॉक्टरांनी विचारलं. "सभेतला तो विनोद?"

"विनोदाचं काही नाही," बाई म्हणाल्या. "माझी चार पानं वाचायची राहिली, त्याचं आहे. ती मुलं घरी जागा नाही म्हणून इथे येतात. संध्याकाळी आम्ही कुलूप लावतो तेव्हा ती जिन्याच्या दिव्याखाली बसतात. ते त्यातल्या चौथ्या पानावर होतं."

मास्तर वाचनालय समितीचे अध्यक्ष होते आणि जिन्याच्या दिव्याखाली मुलं बसतात हे ते पहिल्यांदाच ऐकत होते.

निकाल यायला वेळ लागला. धमकावण्याचा हेतू दिसत नाही, असं समितीने म्हटलं. पण अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने बंद खोलीत कर्मचाऱ्याशी असं बोलणं हाच आचारसंहितेचा भंग, आणि तक्रारदाराशी संपर्क साधू नका असं सांगूनही, त्याच तक्रारदार असतील असं धरून गेले हा दुसरा. शिक्षा अशी: लेखी माफी, आदराने बोलण्याचं प्रशिक्षण, वाचनालय समितीवरून मुक्तता आणि पुढच्या सभेत ठपका.

मास्तरांनी निकाल बायकोला वाचून दाखवला. "म्हणजे मी दोषी आहे की नाही?" त्यांनी विचारलं. "हेतू नव्हता म्हणतात आणि शिक्षा देतात."

"शिकाऊ माणूस खांबावर आदळला तर त्याचा हेतू असतो का?" बायको म्हणाली.

"नसतो."

"मग खांबाचं काय?"

मास्तर वैतागून उठून गेले.

माफी लिहिण्यातच त्यांची दमछाक झाली. पत्र वकीलबाईंमार्फत जाणार होतं. पहिल्या खर्ड्यात त्यांनी लिहिलं होतं, 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर'. वकीलबाईंनी 'असेल तर' खोडलं. दुसऱ्यात दार का लावलं याचा सविस्तर खुलासा होता. तो सगळाच खोडला. तिसऱ्यात 'सगळ्यांना म्हणतो तसंच' असं काहीतरी होतं, त्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं. शेवटी दोन ओळी उरल्या.

"यात मी काही बोललोच नाही असं वाटतं," मास्तर म्हणाले.

"पुरेसं बोललात," वकीलबाई म्हणाल्या आणि पाकीट बंद केलं.

काही दिवसांनी मास्तरांनी विचारलं, की बाई काय म्हणाल्या. "वाचलं त्यांनी," वकीलबाई म्हणाल्या. "काही म्हणाल्या नाहीत."

प्रशिक्षणाला एक तरुण बाई आल्या होत्या आणि समोर विद्यार्थी एकटे मास्तर. समोरच्याला आधी ऐकून घेतल्याचं जाणवू द्यावं, असं त्या म्हणाल्या. म्हणजे 'तुमचं म्हणणं मला समजलं' असं म्हणून मग आपलं सांगावं. मास्तरांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक ताई गाडी घेऊन थेट विजेच्या खांबाकडे निघाल्या, तेव्हा मास्तर म्हणाले, "ताई, तुमचं म्हणणं मला समजलं, पण..." आणि पुढचं वाक्य राहू देऊन त्यांनी आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला. ताई पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"मास्तर, ओरडायचं ना!" त्या म्हणाल्या. "तुम्ही गप्प बसलात म्हणून मला वाटलं सगळं ठीक आहे."

त्या काळात चार बायका शिकायला येत होत्या. यातली तक्रार करणारी कोण, हे मास्तरांना कधीच कळलं नाही. ही नक्कीच नाही, असं त्यांना त्या दिवशी वाटलं. मग वाटलं, कशावरून?

ठपक्याच्या दिवशी सभागृह भरलं होतं. नगराध्यक्षांनी ठराव वाचला. 'सन्माननीय सदस्यांच्या वर्तनाबद्दल ही सभा तीव्र नापसंती व्यक्त करते.' बाजूने असणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर मास्तरांनीही हात वर केला. त्यांना ते प्रामाणिक वाटलं.

"तुम्हाला मत देता येणार नाही," वकीलबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "तुमचा विषय आहे. मतदान होईपर्यंत बाहेर थांबा."

"पण मी तर माझ्या विरुद्धच देतोय!"

"तरीही."

मास्तर बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं, मधेच कोणीतरी हसल्यासारखं वाटलं. समोरच्या भिंतीवर जुन्या नगराध्यक्षांचे फोटो ओळीने लावलेले. सगळ्यांचे चेहरे कसे निर्मळ. यांच्यावर कधी तक्रारी झाल्या असतील का, असा विचार करत ते एकेका फोटोसमोरून पुढे सरकत राहिले, तोवर शिपायाने आत बोलावलं. ठराव मंजूर झाला होता. एकमताने.

पुढचा विषय वाचनालय समितीच्या नव्या अध्यक्षांचा होता. औषधवाल्यांचं नाव सुचवलं गेलं आणि कोणी काही बोलायच्या आत मंजूरही झालं. औषधवाल्यांनी मास्तरांकडे बघून खेदाने मान हलवली, जणू त्यांच्या गळ्यात लोढणं पडलं होतं. कोणाला तरी ती समिती हवी आहे, हे मास्तरांना पायऱ्यांवर यांनीच सांगितलं होतं. म्हणजे तेव्हा यांनाच हवी होती? की नंतर हवीशी वाटायला लागली? मास्तरांना काही अंदाज लागेना.

नगराध्यक्ष सभा संपवणार, तेवढ्यात मास्तर उभे राहिले. उभं राहायचं त्यांनी ठरवलं नव्हतं.

"ग्रंथपाल बाईंची चार पानं वाचायची राहिली आहेत," ते म्हणाले. नेहमीच्या आवाजात म्हणाले, त्यामुळे मागच्या रांगेपर्यंत सगळे वळले. "ती वाचून घ्यावीत अशी माझी विनंती आहे. मुलं जिन्यात बसतात."

अध्यक्षांनी वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाई अर्धवट उठल्या, पुन्हा बसल्या.

"तुम्ही आता त्या समितीवर नाही," अध्यक्ष म्हणाले. "नव्या अध्यक्षांनी विषय आणला तर पाहू."

"बघू की," औषधवाले म्हणाले. "पुढच्या वेळी."

मास्तर खाली बसले. ग्रंथपाल बाई त्या दिवशी सभेला आल्याच नव्हत्या. आपण त्यांच्यासाठी बोललो, की पुन्हा त्यांच्या मधे तोंड घातलं, हे कोणाला विचारावं ते मास्तरांना समजेना. वकीलबाईंना विचारावंसं वाटलं, पण त्या कागद गोळा करून निघून गेल्या होत्या.

संध्याकाळी बायको टेबलाशी बसून उत्तरपत्रिका तपासत होती. मास्तर समोर येऊन उभे राहिले, मग असं समोर उभं राहणं बरं नाही असं वाटून थोडे बाजूला झाले.

"मी तुझ्याशी कसा बोलतो गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे... आदराने वगैरे."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिने हातातली उत्तरपत्रिका तपासून पुरी केली, आणि तोवर मास्तरांनी मधे तोंड घातलं नाही.

"मला सवय झालीये," ती म्हणाली.

"सवय म्हणजे चांगली की..."

"सांगेन कधीतरी. आत्ता सांगितलं तर तुम्हाला वाटेल मीही तक्रार करतेय."

"कर," मास्तर म्हणाले.

"खरंच?"

"कर म्हणतोय ना."

तिने पेनाला टोपण लावलं, उत्तरपत्रिका सारख्या करून बाजूला ठेवल्या आणि समोरची खुर्ची पायाने पुढे ढकलली. "बसा मग. आणि मी थांबेपर्यंत मधे बोलायचं नाही."

मास्तर बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले.

"कुठून सुरू करू?" तिने विचारलं. "आपलं लग्न ठरलं तिथून, की कालपासून?"

यातलं कुठलं उत्तर आपल्याला झेपेल याचा मास्तरांनी मनापासून विचार केला.

"कालपासून," ते म्हणाले.